पेशंटचं पूर्ण नाव

चिकलठाणा, छ. संभाजीनगर
दि. १० जानेवारी २०२६

चि. कृष्णास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. मेघाला आणि श्रेयाला पण.

इकडचं क्षेम लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गळ्याजवळचं डावं हाड मोडलंय, पट्टा बांधलाय. उजवा हात चालतो, म्हणून हे पत्र. तुझे दाजी रजा टाकून स्वयंपाक करतात. भाजीत मीठ एक तर दोनदा पडतं, नाहीतर पडतच नाही. शिलाई बंद आहे, बायका फॉल-पिकोच्या साड्या परत घेऊन चालल्या.

तू माझा फोन घेत नाहीस, दाजींचा पण कापतोस. म्हणून पिशोरच्या काळीपिवळीवाल्या बन्सीजवळ हे देते. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

आधी कामाचं. येत्या मंगळवारी आधार कार्ड घेऊन इथल्या पोलीस ठाण्यात यायचं. मी हयात आहे एवढंच सांगायचं, सही करायची आणि आल्या पावली परत जायचं. माझ्या घरी चहासुद्धा पिऊ नको.

तुझ्या कानावर काय काय आलं असेल देव जाणे, म्हणून झालं तसं सांगते.

त्या सकाळी मला कामाला जायचं होतं, बसस्टँडपर्यंत. दाजींनी मोबाइलमध्ये गाडी बोलवायचं ते ॲप टाकून दिलंय, त्यावरनं बोलावली. त्यात गाडीचा नंबर येतो, ड्रायव्हरचा फोटो येतो आणि नाव येतं. तेही अर्धंच. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. नुसतं ‘कृष्णा’. मला हसू आलं. गाडीत बसल्यावर त्यानं ओटीपी विचारला, मी सांगितला. मी काही त्याला त्याचं आडनाव विचारलं नाही. कोण विचारतं रे?

जालना रोडवर दुभाजक फुटलाय तिथनं एक पिकअप उलट्या बाजूनं घुसला. मागं लोखंडी सळया, हात हात बाहेर आलेल्या. आमच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवलं एवढं मी बघितलं. आवाज मला ऐकू आलाच नाही, नुसता अंगात शिरला. मग सगळं गप्प. आणि त्या गप्पमध्ये त्याच्या मोबाइलमधली नकाशावाली बाई म्हणाली, पुढे सरळ जा. पुन्हा म्हणाली, पुढे सरळ जा. किस्ना, पुढं रस्ताच नव्हता. पुढं पिकअपचं चाक होतं.

माणसं लई जमली. निम्म्यांनी मोबाइल काढले, ते शूटिंग घ्यायला. एका भल्या माणसानं ॲम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात कागद घेऊन बसलेल्या मुलीनं विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हणाले, कृष्णा. ती म्हणाली, पूर्ण नाव सांगा. मी म्हणाले, कृष्णा कडूबा मोकासे, राहणार पिशोर, तालुका कन्नड. तुम्ही कोण? मी म्हणाले, बहीण. सगळं एका दमात. माझ्या डोक्याला पण मार होता, तोंडातनं निघून गेलं.

मग त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली, मी केली. मला सुई टोचली. दाजी संध्याकाळी आले तेव्हा मी झोपेत, आणि आत कोणाला सोडत नव्हते. नर्सनं त्यांना सांगितलं, तुमचा मेव्हणा सिरियस आहे. तुला खरं विचारायला त्यांनी फोन लावला तर तू कापलास. पहाटे मला हलवून उठवलं आणि सांगितलं, बाई, तुमचे भाऊ गेले.

पुढचं तुला माहीत आहे. इथनं फोन गेला पोलीस पाटलाला, आणि आपले काकासाहेब खातरजमा करतील तर शपथ! गावाच्या ग्रुपवर तुझा फोटो, भोवती झेंडूचा हार, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो पण काढून काढून श्रेयाच्या बारशातला, फेटा बांधलेला. बन्सी सांगत होता, मेघा ओसरीवर पडली, बायका जमल्या, रडारड सुरू झाली, आणि तू अद्रकीला पाणी देऊन खांद्यावर फावडं टाकून दारात उभा. म्हणे, काय झालं, कोण गेलं? एक म्हातारी किंचाळून पळाली म्हणे. बन्सी सांगताना हसला. मी पण हसले आणि मग मला हुंदका आवरेना.

इथं जो तो म्हणतो, चला, कृष्णाचं आयुष्य वाढलं. मी ऐकून घेते. वाढलं ते कुठनं आलं, हे कोणी म्हणत नाही.

दाजींनी मढं बघितलं आणि सांगितलं, हा आमचा कृष्णा नव्हे. मग गाडीच्या नंबरावरनं मालक सापडला, मालकाकडनं घर. अजिंठ्याचा होता. कृष्णा नानासाहेब वाघचौरे. तुझ्याच वयाचा. त्याची माणसं आदल्या दिवसापासनं दवाखाने पालथे घालत होती. याच दवाखान्यात पण येऊन गेली. त्यांना सांगितलं, वाघचौरे नावाचा पेशंट इथं नाही. आणि तो आत होता रे, जिवंत होता, तुझ्या नावानं.

आता कागदावर तू मेलेला आणि तो जिवंत. तू तर अद्रक खणशील, बाजारला जाशील, तुझं कुठं अडतंय? पण त्याच्या माणसांना मृत्यूचा दाखला मिळंना. दाखला नाही तर विमा नाही, कंपनी दारात उभी करत नाही. तू स्वतः समोर येऊन उभा राहिल्याशिवाय साहेब नाव बदलायला तयार नाहीत.

नारळपाणी घेऊन जो येतो तो मला शिकवून जातो, अपघात झाल्यावर काय करायचं असतं. फोटो काढायचे. समोरच्या गाडीचा नंबर घ्यायचा. ॲपमध्ये लाल बटण असतं ते दाबायचं. आपसात मिटवायचं नाही. दाजींचा पुतण्या इंद्रजीत वकील झालाय, तो म्हणाला, काकू, ती राइड मोबाइलमधनं पुसू नका, पुरावा आहे. पुसायची कशाला? रोज उघडलं की तेच येतं, ‘कृष्णासोबतचा प्रवास कसा झाला?’ आणि खाली पाच चांदण्या. मी मोबाइल पालथा घालून ठेवते.

मंगळवारी ये. एवढं कर.

तुझी,
आक्का

---

चिकलठाणा
दि. १७ जानेवारी २०२६

चि. कृष्णास,

मंगळवारी आम्ही साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिलो. दर वेळी दार वाजलं की मी मान वर करायची आणि हाड ठणकायचं. दुपारी साहेब म्हणाले, बाई, तुमचा भाऊ आहे तरी का? मला असा संताप आला! म्हणाले, आहे, पिशोरला आहे, धडधाकट आहे, फक्त आडमुठा आहे.

बन्सी सांगतो, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि खिशात ठेवलंस. दाजींना मात्र फोनवर म्हणालास म्हणे, “तिला सांगा, मी तिला मेलो आणि ती मला. माझं नाव तिनं मुद्दाम मढ्याला लावलं.”

मुद्दाम. हा शब्द चार दिवस माझ्या डोक्यात वाजतोय. कारण मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नाही. ‘डोक्याला मार’ लिहून मोकळी झाले. आता सांगते. नीट बसून वाच, मेघाला पण वाचून दाखव.

कामाला चालले होते असं लिहिलं न मी? मी पिशोरला निघाले होते. तुझ्याकडं. आणि अंगावर ती मोरपंखी साडी होती.

हो, तीच. बारशात मला दिली ती. मीच मेघाच्या आईला दिलेली, आणि फिरून माझ्याच ओटीत आलेली. हिरवा दोरा संपला म्हणून मी फॉलला जांभळा दोरा लावला होता, त्यावरनं ओळखली. किती अपमान वाटला मला! सगळ्यांपुढं बोलले, खाटेवर टाकली आणि निघून आले. मेघानं नंतर ती बन्सीच्या हाती पाठवून दिली, ती पेटीत पडून होती. संक्रांत आली म्हणून पेटी उघडली, साडी हातात आली, आणि मला माझंच हसू आलं. एवढं वाईट बोलणं, आणि तेही पाच वार कापडावरनं. म्हटलं, हीच नेसून जाते. दारात उभी राहते. बघू कसा हाकलतो.

गाडीत त्या पोराला सगळं सांगितलं. बोलका होता. “ताई, पिशोरला कोण?” म्हणाला. म्हटलं, भाऊ, तुझ्याच नावाचा, बोलत नाही माझ्याशी. “का बोलत नाही?” सांगितलं तर हसायला लागला. “एका साडीवरनं? नाय ओ ताई!” म्हटलं, तू बाई असतास तर तुला कळलं असतं. मग म्हणाला, “येऊ का नको असं दारात जाऊन विचारता व्हय? आत्ताच फोन लावा की. मी गाडी हळू घेतो.”

त्या सकाळी माझा फोन आला होता न तुला? वाजू दिलास आणि कापलास, तो? तो त्यानं लावायला लावला होता. कापल्यावर माझं तोंड बघून म्हणाला, “रानात असंल, ताई. थोड्या वेळानं परत लावा.” तुझी बाजू घेत होता. मी दुसऱ्यांदा लावायला मोबाइल उचलला आणि पिकअप आला. तुझा यात दोष नाही, हे मी देवासमोर सांगीन. उलट्या बाजूनं पिकअप आला. पण तुला हे माहीत असायला पाहिजे.

त्याचा पाय आत अडकला होता. रक्त इतकं की मला खरं वाटंना. बाहेरनं एक जण ओरडला, काहीतरी बांधा, घट्ट बांधा. माझा डावा हात उचलत नव्हता. मी साडीचा काठ दातात धरला आणि उजव्या हातानं ओढली. फॉल माझ्याच हातचा, मेला निघता निघंना. मग फाटली. ती त्याच्या मांडीला बांधली. साडी आता नाही, किस्ना. दवाखान्यात कापून टाकली.

तोपर्यंत तो मला ताई म्हणत होता. बांधल्यावर त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, “आक्का.” मग म्हणाला, “आक्का, पाय.”

मला आक्का म्हणणारा या जगात एकच माणूस आहे. सासरी कोणी म्हणत नाही, गल्लीत कोणी म्हणत नाही. बारशापासनं ती हाक मी ऐकली नव्हती. माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, “हाय रे किस्ना, मी हाय इथं.” त्यानं माझा हात पकडला. ॲम्ब्युलन्समध्ये दर थोड्या वेळानं म्हणायचा, आक्का. दर वेळी मी म्हणायची, हाय रे. तशातच आम्ही दवाखान्यात गेलो आणि त्या मुलीनं नाव विचारलं.

आता सगळे मला विचारतात, तुम्हाला माहीत होतं का नव्हतं, हा तुमचा भाऊ नाही म्हणून? पोलिसांनी विचारलं, इंद्रजीतनं विचारलं, दाजी बोलत नाहीत पण बघतात. काय सांगू? मला दोन्ही होतं. तोंड परक्याचं दिसत होतं आणि हाक तुझी ऐकू येत होती. मुद्दाम म्हणशील तर मुद्दाम नाही. पहाटे ‘भाऊ गेले’ म्हणाले तेव्हा मी तुझं नाव घेऊन अख्खा वॉर्ड जागा केला. मी तुलाच रडले, किस्ना. खरंखुरं रडले.

आणि याच्या पुढचं कोणालाच माहीत नाही. दाजींना पण नाही.

दुपारी त्याची माणसं आली. मला व्हीलचेअरवर बाहेर आणलं होतं. एक बाई पुढं आली, माझ्यापेक्षा थोडी मोठी, काळीसावळी, नऊवारी, कपाळाला हे एवढं कुंकू. वच्छलाबाई. त्याची बहीण. आईबाप लहानपणीच गेलेले, हिनंच कडेवर वाढवलेला. लग्न व्हायचं होतं त्याचं. ती माझ्यावर ओरडली नाही. एक दिवस आणि एक रात्र माझ्यामुळं दारोदार फिरली, भाऊ त्याच भिंतीपलीकडं असताना परत गेली, आणि मला शिवी दिली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून एवढंच विचारलं, “बाई, माझं लेकरू शेवटचं काय बोललं?”

मी म्हणाले, काही नाही. शुद्धीतच नव्हता.

तेवढ्यात तिच्यासोबतचा माणूस म्हणाला, “आक्का, चला आता, सही करायला बोलावलंय.”

मी ऐकलं. मला तिथंच कळलं की ती हाक कोणाची होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. ती माझ्यासमोरनं चालत गेली आणि मी गप्प बसले. का, ते सांगते, तू हस नाहीतर थुंक. तू फोन कापला होतास. बऱ्याच दिवसांनी मला कोणीतरी आक्का म्हणालं होतं, इतक्या वेळा म्हणालं होतं. ते मला सोडवंना. त्याचं नाव मी चुकून काढून घेतलं, पण ही हाक मी चोरली. समजून उमजून.

काल मी इंद्रजीतच्या गाडीत बसून अजिंठ्याला गेले.

वच्छलाबाई अंगणात तुरी निवडत होती. चहा ठेवते म्हणाली. म्हटलं, नको, आधी ऐका. आणि सांगितलं. आक्का म्हणाला, आक्का पाय म्हणाला, वाटभर आक्का आक्का म्हणत होता, मी तुमच्या जागी हो म्हणत गेले आणि तुम्हाला खोटं सांगितलं.

तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “कसं म्हणला? म्हणून दाखव.”

मी म्हणाले, आक्का.

“आक्का म्हणला का आक्के म्हणला? नीट सांग. गमतीत असला की आक्के म्हणायचा. दुखलंखुपलं, भूक लागली, तर आक्का.”

मी म्हणाले, आक्का.

“आजून एकदा म्हण.”

मी म्हणाले. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकत होती. मग पदर तोंडात घातला आणि म्हणाली, “म्हंजी दुखत होतं त्याला.”

किस्ना, मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शुद्धीत नव्हता, त्याला काही कळलं नाही, एवढ्यावर ती बाई इतके दिवस कशीबशी जगत होती. माझ्या खोट्याचा तिला आधार झाला होता आणि मी खरं सांगून तो काढून घेतला. मी उठून निघाले तर तिनं पदर धरला. “बस,” म्हणाली. “बरं केलंस सांगितलंस. दुखत होतं तर दुखत होतं. मला बोलवत होता, ते माझं हाय.” मग म्हणाली, “तू हो म्हणत व्हतीस न दर वेळी? कुणीतरी हो म्हणलं.” आणि चहा ठेवला. आम्ही दोघींनी प्यायला. गोड होता का काय होता, मला आठवत नाही.

निघताना तिनं एकच मागितलं. “तुझ्या भावाला घेऊन ये. माझ्या भावाचं नाव त्याच्याकडं हाय.”

मी तुला आता हात जोडत नाही. जोडताच येत नाहीत, पट्टा आहे. येत्या मंगळवारी ती येणार आहे, तू ये. साहेब विचारतील, नाव? तू तुझं पूर्ण नाव सांग, आपल्या बापाच्या नावासकट, मोठ्यानं. मग ती तिच्या भावाचं सांगंल. तिला ते एकदा कागदावर लिहिलेलं बघायचं आहे. माझ्यावरचा राग घेऊनच ये, मी कुठं काढून ठेव म्हणते? बाकाच्या दुसऱ्या टोकाला बस. माझ्याकडं बघू पण नको.

मेघाला सांग, साडी वाईट नव्हती. लई मजबूत निघाली.

खाली सही करायला घेतली आणि हात थांबला. सवयीनं आक्का लिहिणार होते. पण ज्या हाकेवर मी इतके दिवस जगले, ती जिची होती तिला काल देऊन आले. माझी माझ्याजवळ नाही, तुझ्याजवळ आहे. मंगळवारी येताना आणशील तर आण. तोवर नुसती,

सुरेखा